रस्त्याकडचा एकर विकू का?

*रामराम ताई. मी घाटंजी तालुक्यातला कास्तकार. साडेपाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर घेतो. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. 64 टक्के मिळाले, सीईटीला 68 पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी. त्याला मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचं आहे. गावातले फवारणीचे पंप तोच दुरुस्त करतो. पुण्याकडच्या एका कॉलेजचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की, शंभर टक्के नोकरी, असं म्हणतो. फी, होस्टेल, मेस धरून वर्षाला सव्वादोन लाख, म्हणजे चार वर्षांचे नऊ लाख. सहा लाख बँक देईल, उरलेल्या तीन लाखांसाठी रस्त्याकडचा एक एकर काढा, असा सल्लाही त्यानेच दिला. शनिवारी तो पंचवीस हजार आणि मूळ टीसी न्यायला येणार आहे. धाकटी मुलगी दहावीत गेली. बायको म्हणते थांबा, पोरगा म्हणतो सीट जाईल. काय करू?*

रामराम भाऊ.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं, आणि शनिवारच्या आत उत्तर पोचावं म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवली. उत्तर आधीच सांगून टाकते. एकर विकू नका. टीसी देऊ नका. आणि पोराला मेकॅनिकल करू द्या. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात.

सुरुवात पोरापासून करते, कारण पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. तो पंप दुरुस्त करतो म्हणता, पण कसा करतो ते एकदा शेजारी बसून पाहा. पंप प्रेशर धरत नसेल तर तो सरळ नवा वॉशर टाकून मोकळा होतो, की आधी नोझल काढून फुंकून बघतो, गाळणीत औषधाचा साका बसलाय का पाहतो, मग डायफ्रॅम उजेडात धरून बारीक चीर शोधतो? आणि चीर सापडली की ती तिथेच का पडली, असं त्याच्या मनात येतं का? मी पंचवीस वर्षं तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवलं. पार्ट बदलणारी पोरं हाताने चांगली असतात, त्यांचं पोट त्या कामावर भरतं. पण 'हे इथेच का तुटलं' असं ज्याला वाटतं, त्याला ही शाखा मनापासून आवडते आणि तो पुढच्या कंटाळवाण्या भागातूनही निघून जातो. कंटाळवाणा भाग खूप आहे, भाऊ. पहिल्या दोन वर्षांत गणितच गणित असतं. आपल्याकडची निम्मी पोरं अडकतात ती लेथवर नाही, गणिताच्या तिसऱ्या पेपरात, ज्याला पोरं एम-थ्री म्हणतात. म्हणून 64 टक्क्यांमधले गणिताचे मार्क वेगळे काढून बघा. ते बरे असतील तर चिंता नाही. काठावर असतील तर पुढे डिप्लोमाबद्दल लिहिलंय, ते नीट वाचा.

आता पगाराचं. तो माणूस पॅकेज सांगेल तीन लाखांचं, साडेतीन लाखांचं. तीन लाखांना बाराने भागलं की पंचवीस हजार येतात, आणि आपण तेच धरून बसतो. पण पॅकेजमध्ये कंपनी भरते तो पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, कधी कँटीन आणि बसही असते. हातात येतं ते वेगळं. चाकण, रांजणगाव, वाळूज, आपल्याकडे बुटीबोरी, हिंगणा, अशा ठिकाणी माझी जी पोरं मेकॅनिकलची पदवी घेऊन ट्रेनी म्हणून लागली, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात पहिल्या वर्षी पंधरा ते वीस हजार पडले. काही कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या पगारपत्रकावर होती, बरीचशी ठेकेदाराच्या. ठेकेदाराकडचा पोरगा सहा-आठ महिन्यांनी 'ब्रेक' घेऊन घरी बसलेला मी अनेकदा पाहिलाय.

त्यातून खर्च वजा करा. चाकणला कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, येणं-जाणं, मोबाइल असा मिळून नऊ हजारांच्या खाली तो राहत नाही. पगार अठरा धरला तर उरले नऊ. त्यात पोरगा आजारी पडला नाही, दिवाळीला गावी आला नाही, बहिणीला ड्रेस घेतला नाही, असं धरून.

मेकॅनिकलचा पगार पुढे वाढत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. वाढतो, पण हळू आणि उशिरा. पाच-सहा वर्षं एखाद्या कामात हात बसला की किंमत येते, मग ते मेंटेनन्स असो, टूल रूम असो, डिझाइन असो की क्वालिटी. कॉम्प्युटरवाल्या पोराचा पगार पहिल्या तीन वर्षांत जसा उडी मारतो तशी उडी इथे सहसा नसते. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्याच वर्षापासून पूर्ण असतो. पगार उशिरा वाढणार आणि हप्ता आधी लागणार, सगळा घोळ इथेच आहे.

हप्ता किती बसेल ते मी कागदावर मांडून पाहिलं. सहा लाखांचं कर्ज, दरवर्षी दीड लाख उचल, व्याज दहा टक्के. शिकतानाची चार वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज धावत असतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळ व्याजाने बेरीज होते दोन लाख दहा हजार. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी सहाचे आठ लाख दहा हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण दहा हजार सातशे रुपये. दहा वर्षांत बँकेला गेलेले एकूण पैसे होतात पावणेतेरा लाखांच्या वर.

पोराच्या हातात उरतात नऊ, हप्ता दहा हजार सातशे. उरलेलं कोण भरणार ते तुम्हाला माहीत आहे.

हेच आपल्या मापात सांगते. वर्षाचा हप्ता एक लाख अठ्ठावीस हजार. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता. त्या भावाने हा झाला सोळा क्विंटल कापूस. कोरडवाहूत चांगल्या वर्षी एकरी चार-पाच क्विंटल धरले तर तीन-चार एकरांचा सगळा कापूस. त्यातून बियाणं, खत, डवरणी, फवारणी, किलोमागे दहा रुपये वेचणी, यातलं काहीच वजा केलेलं नाही. आणि हे एकदा नाही, सलग दहा वर्षं. बोंडअळीच्या वर्षीही आणि ऑक्टोबरात पाऊस पडून बोंडं सडली त्या वर्षीही. एक एकर विकल्यावर तुमच्याकडे राहणार साडेचार. म्हणजे जवळपास अख्खं वावर बँकेसाठी पेरायचं.

माझ्या थोरल्या भावाने हे केलंय, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय. 2012 साली त्याने लेकाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, इंजिनीअरिंगसाठी डांबरी रस्त्याला लागून असलेला दीड एकर दिला. अशाच एका घरी आलेल्या माणसाने सीट दिली होती. मी तेव्हा नोकरीत होते, मला विचारलंही होतं, आणि मी 'पोराचं शिक्षण आहे, बघा बुवा' एवढंच बोलले. ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पोरगा एम-थ्रीत तीनदा अडकला, एक वर्ष डाऊन गेलं, चारची पाच वर्षं झाली. पाचव्या वर्षाची फी आणि होस्टेल कुणी हिशोबात धरलंच नव्हतं. शंभर टक्के नोकरी म्हणजे बारा हजारांची ट्रेनीशिप निघाली. आज तो दिग्रसकडे जेसीबी आणि हायड्रॉलिकच्या दुरुस्तीचं काम करतो, चांगलं कमावतो, सुखात आहे. पण ते काम तो कॉलेजात नाही शिकला, एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला. दादा आजही त्या रस्त्याने जाताना तिकडच्या धुऱ्याकडे बघत नाही. मान दुसरीकडे वळवतो. मी शेजारी बसलेली असते, मला दिसतं.

आता त्या पुण्याच्या सीटबद्दल तुम्हाला कुणी न सांगितलेली गोष्ट. ओबीसी मुलाला खाजगी कॉलेजातही ट्यूशन फीची अर्धी रक्कम शासन देतं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती शिष्यवृत्ती गेली. त्या माणसाने तुमच्यासमोर 'पक्की सीट' ठेवली, आणि त्याच हाताने चार वर्षांची अर्धी फी काढून घेतली.

व्याजाचंही तसंच आहे. केंद्राची एक योजना आहे, आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाची वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. कॉलेजला नॅकची किंवा त्या शाखेला एनबीएची मान्यता हवी, या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत. वर मी जे दोन लाख दहा हजार मांडले ते यातून वाचतात. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, ती क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे आणि तिथे मॅनेजमेंट कोटा चालतच नाही. राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, हप्ते वेळेवर भरणाऱ्याला व्याज परत मिळतं. यवतमाळला जिल्हा कार्यालय आहे, तिथे कर्ज मंजूर होण्याआधीच जाऊन अटी विचारा. नंतर गेलात तर 'आधी यायला हवं होतं' हे ऐकून परत याल.

आणि पावतीशिवाय, फीच्या वर कुणी 'डोनेशन' म्हणून काही मागितलं तर महाराष्ट्रात 1987 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे कॅपचा अर्ज. तो भरला नसेल तर हे पत्र अर्धं ठेवून आधी तो भरा. पसंतीक्रम लिहिताना मेकॅनिकलपुरतं असं करा: वर शासकीय कॉलेजं, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, नागपूर. 68 पर्सेंटाइलला मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण सध्या गर्दी सगळी कॉम्प्युटरकडे आहे, मेकॅनिकलचा कटऑफ त्याच कॉलेजात बराच खाली उतरतो. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलने प्रसिद्ध केलेले असतात, आपल्या प्रवर्गाचा रकाना बघा. त्याखाली घरापासून दोन-अडीच तासांच्या आतली खाजगी कॉलेजं. जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत पहिलं लिहू नका, कारण पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की ती जागा घ्यावीच लागते. सोबत 'ट्यूशन फी माफी'च्या जागांचाही पर्याय द्या, ज्याला टीएफडब्ल्यूएस म्हणतात. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के असतात, मिळाली तर ट्यूशन फी पूर्ण माफ.

कागद आजच बघा: जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. आपल्या पोरांच्या जागा मार्कांमुळे कमी आणि जात वैधतेमुळे जास्त जातात. प्रवेश झाला की महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज लगेच भरा आणि खात्याला आधार जोडलेलं आहे ना ते बँकेत जाऊन बघा. प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीपात्र मुलाकडून पूर्ण ट्यूशन फी मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत. काउंटरवरचा माणूस 'पूर्ण भरा, नंतर परत देऊ' म्हणाला तर प्राचार्यांना भेटा, लेखी अर्ज द्या.

फी किती, हे कॉलेजच्या माहितीपत्रकात बघू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खाजगी कॉलेजची मंजूर फी असते. तीच खरी.

नोकऱ्यांचा आकडाही असाच शोधायचा. कॉलेजच्या फ्लेक्सवर एका पोराचा फोटो आणि बारा लाखांचं पॅकेज असतं. तो पोरगा बहुतेक वेळा कॉम्प्युटरचा असतो. जी कॉलेजं एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेतात, त्यांना आपली माहिती संकेतस्थळावर टाकावी लागते. पोराला ती पीडीएफ उघडायला सांगा. त्यात तीन आकडे असतात. किती जणांनी प्रवेश घेतला, त्यातले किती ठरलेल्या चार वर्षांत पास झाले, आणि किती जणांना नोकरी लागली. शेजारी पगाराचा मध्यक दिलेला असतो. म्हणजे सगळे पगार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले की बरोबर मधला. सरासरीला एक बारा लाखवाला वर ओढतो, मध्यकाला ओढू शकत नाही. मला विचाराल तर पगारापेक्षाही दुसरा आकडा आधी बघा, वेळेत पास होणाऱ्यांचा. सगळ्यात वाईट कर्ज मोठं कर्ज नव्हे. पदवी हातात नाही आणि हप्ता सुरू झालाय, ते सगळ्यात वाईट.

आणि कॉलेज बघायला दुपारी दोननंतर जा, एखाद्या चालू दिवशी. गेटवरची बाग बघू नका, वर्कशॉपमध्ये जायचं आहे म्हणून सांगा. तिथे लेथच्या खाली वाकून बघा. ट्रेमध्ये ताजा, निळसर झालेला लोखंडी कीस पडलेला असेल, कूलंटचा तो आंबूस वास येत असेल, तर पोरं मशीन चालवतात. ट्रे झाडून चकचकीत असेल आणि बेडवर बोट फिरवल्यावर धूळ लागली, तर ते मशीन फक्त तपासणीच्या दिवशी चालतं. मी कितीतरी कॉलेजांत बाहेरची परीक्षक म्हणून गेले, आधी हेच बघायचे. नंतर शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांना बाजूला घेऊन विचारा की मागच्या वर्षी मेकॅनिकलच्या किती जणांना कुठे लागलं, रोलवर की ठेकेदाराकडे. पोरं खरं सांगतात.

आता डिप्लोमा. मला माहीत आहे, बारावी झालेल्या पोराला डिप्लोमा म्हटलं की तो एक पायरी उतरल्यासारखं तोंड करतो. पण बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोनच वर्षं. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे, अमरावतीला आहे, आर्वीला, मुर्तिजापूरला आहे. तिथली फी खाजगी पदवीच्या फीपुढे काहीच नाही. दोन वर्षांनी चांगले मार्क असले की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला पुन्हा सीईटी लागत नाही. सगळी मिळून पाच वर्षं, म्हणजे एक वर्ष जास्त. त्या एका वर्षाच्या बदल्यात काय मिळतं ते बघा. पहिल्या दोन वर्षांचा खर्च जवळजवळ शासनाच्या दराने होतो. मधे कुठेही अडलं, घरी काही झालं, तरी पोराच्या हातात एक पूर्ण झालेलं शिक्षण असतं. रेल्वेच्या आणि केंद्राच्या ज्युनिअर इंजिनीअर परीक्षांना मेकॅनिकलचा डिप्लोमा चालतो, एमपीएससीच्या सहायक मोटार वाहन निरीक्षकालाही चालतो. नागपूर, भंडारा, भद्रावतीचे आयुध कारखाने, वेकोलिच्या कोळसा खाणी, महानिर्मितीची कोराडी-चंद्रपूरची केंद्रं, अशा ठिकाणी ॲप्रेंटिसच्या जागा निघतात, त्यावर लक्ष ठेवता येतं. आणि ड्रॉइंग वाचण्यात, मायक्रोमीटर धरण्यात डिप्लोमाहून आलेला पोरगा पदवीच्या वर्गात पुढे असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गणिताचे मार्क काठावर असतील तर मी हाच रस्ता धरायला सांगेन. गणित बरं असेल आणि कॅपमधून जवळचं चांगलं कॉलेज लागलं, तर सरळ पदवी.

कर्ज मग किती काढायचं? कॉलेजची फी किती, यावरून कर्ज ठरवू नका. पोराच्या पहिल्या पगारावरून ठरवा. हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच हप्ता असावा, अठरा हजाराला साडेचार-पाच हजार. उलटं गणित केलं तर हे साधारण तीन लाखांचं कर्ज होतं. शिकतानाचं व्याज सरकारने भरलं असेल तर तीन लाखांचा सात वर्षांचा हप्ता दहा टक्क्यांनी पाच हजारांच्या आत बसतो. जवळचं कॉलेज, अर्धी ट्यूशन फी, चौघांत एक खोली, घरून डाळ-तांदूळ असं धरलं तर वर्षाला लाख-सव्वालाखात भागतं. म्हणजे चार वर्षांत चार-पाच लाख. त्यातले तीन बँकेचे, उरलेले एक-दोन चार वर्षांत विभागून तुमचे. ओबीसी मुलांसाठी शासनाने वसतिगृहं आणि राहण्या-खाण्याच्या मदतीची आधार योजनाही सुरू केली आहे. समाजकल्याणच्या आणि इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयात पोराला स्वतःला पाठवा. पाच वेळा चकरा मारायला लागल्या तरी चालेल, तोही शिक्षणाचाच भाग आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. पीककर्जातून फी भरू नका. मला माहीत आहे, कॅपची फी आणि बियाण्याचे पैसे एकाच पंधरवड्यात लागतात. मृग लागलेला, कृषी केंद्रवाला बसलेला आणि इकडे प्रवेशाची शेवटची तारीख. हातात पीककर्जाचे पैसे असतात आणि 'नंतर भरू' असं होऊन जातं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. ते एकदा थकलं की व्याज लागतं, पुढच्या वर्षी नवं मिळत नाही, आणि तुम्ही पोराच्या शैक्षणिक कर्जाचे सहकर्जदार असल्यामुळे तिथेही बँक मॅनेजर तुमचं थकलेलं खातं दाखवतो. त्यामुळे बँकेत प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला नाही, याच आठवड्यात जा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. मॅनेजरने सातबारा मागितला तर का मागताय ते लेखी विचारा.

तुमच्या बायकोचं 'थांबा' मला पत्रात फार महत्त्वाचं वाटलं. त्यांनी ते का म्हटलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण धाकटी दहावीत आहे, मला अंदाज आहे. पोराच्या नऊ लाखांनंतर तिच्या वेळी घरात काय उरणार, हे आईच्या मनात आधी येतं. तिचा हिशोब तर पोरापेक्षा सोपा आहे. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक शिक्षणाची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. फक्त राहण्या-खाण्याचं बघायचं. तो रस्त्याकडचा एकर जाग्यावर राहिला तर तेही बघता येईल. आणि पंप उघडलेला असताना ती शेजारी बसते का, तेही एकदा बघा. माझ्या वर्गात पहिली सहा-सात वर्षं मुली नव्हत्याच. नंतर आल्या, आणि त्यांतल्या दोघी आज वीज केंद्रात टर्बाइनवर आहेत.

पोराशी हे सगळं बोलाल तेव्हा 'पैसे नाहीत' एवढंच म्हणू नका. त्याला वाटेल, बाप कमी पडला. त्याच्यासमोर कागद ठेवा, पेन त्याच्या हातात द्या, आणि दहा हजार सातशे आणि अठरा हजार हे दोन आकडे त्यालाच लिहू द्या. चाकणला कॉट किती पडते ते गावातल्या तिकडे असलेल्या एखाद्या पोराला फोन करून त्यालाच विचारू द्या. जो पंप उघडून चीर शोधतो, त्याला ही चीरही दिसेल.

शनिवारी तो माणूस आला की त्याला बसवा, चहा द्या. सीट कॅपमधली आहे का, प्राधिकरणाने मंजूर केलेली फी किती, मागच्या वर्षी मेकॅनिकलच्या किती पोरांना रोलवर घेतलं, एवढं विचारा. पंचवीस हजार देऊ नका. मूळ कागद अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याच कॉलेजला नाही, मग एजंटला कुठून असणार. टीसी कपाटात राहू द्या, किल्ली बायकोकडे द्या.